केटलीविषयी तिचं मत

"काका, तुम्ही नाही म्हणालात तरी मी रागावणार नाही हं," फोनवरची मुलगी म्हणाली, आणि तिथेच बरंबरंचा निकाल लागला.

आवाज चढवणाऱ्याला ते एक वेळ नाही म्हणाले असते. गोड बोलणाऱ्यापुढे मात्र जन्मभर पाघळत आले होते. पाणीखात्यात आवक-जावकचं काम करायचे. कोणाचंही काम टेबलावर येऊन पडायचं आणि हे "बरं, बरं" म्हणत ते ओढून घ्यायचे. कचेरीने त्यांना 'बरंबरं' हेच नाव पाडलं. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणातही ते घेतलं. हे हसले. दुसरं काय करणार!

फोन केटलीच्या कंपनीतून होता. दोन महिन्यांपूर्वी पाणी भर उकळीला असताना त्या विजेच्या केटलीची मूठ निखळली आणि बायकोचं पाऊल भाजलं. तीन आठवडे बिचारी लंगडत होती. कंपनीला कळवलं, तर "आपण चुकीच्या पद्धतीने उचललीत" असं उत्तर. मग बाई इरेला पेटल्या. सामानाच्या यादीपलीकडे कधी काही न लिहिलेली ती, चष्मा लावून, नवऱ्याच्या फोनवर एका बोटाने तीन दुपारी टाइप करत बसली. जिथून केटली मागवली होती त्या ऑनलाइन दुकानाच्या पानावर तिने सगळं लिहिलं. "मूठ दिसायला देखणी आहे, पण ऐन वेळी साथ सोडते. अशी माणसंही पाहिली आहेत." वाचून बरंबरं जरा चपापलेच होते.

चारशे सोळा लोकांनी 'उपयोगी पडलं' असं कळवलं. रोज सकाळी ती आकडा बघायची, खाली कोणी काही विचारलं की उत्तर लिहायची. "अहो, एका बाईने घेतलेली परत केली, माझं वाचून!" लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती, पण तिचा असा चेहरा त्यांनी पाहिला नव्हता.

"माझ्याकडे अशा नऊ तक्रारी आहेत, काका. एकही दुकानाच्या पानावरून निघाली नाही तर मलाच काढतील," मुलगी सांगत होती. "नवीन केटली पाठवते ना. खातं तुमच्याच नावावर आहे, एक बटण दाबलं की झालं."

"पण लिहिलंय आमच्या हिने..."

"काकूंना वाईट वाटेल का हो?"

किती आपुलकीने विचारलं! बायको चार दिवस बहिणीकडे गेली होती. तिला फोन करून विचारता आलं असतं. पण मुलीला ताटकळत कसं ठेवायचं?

"छे, छे, वाईट कसलं? बरं, बरं. सांगा, कुठे दाबायचं."

बायको परत आली त्याच दिवशी खोकंही आलं.

"कंपनीने पाठवलीय," बरंबरं घाईघाईने म्हणाले. "चूक मान्य केली म्हणे."

"बघितलंत? आणि तुम्ही म्हणत होता, लिहून काय होणार!" तिने केटली उलटसुलट करून पाहिली. "मूठ तीच दिसतेय मेली. पण चूक मानली हेही थोडं नाही. आणा तो फोन."

"आता कशाला?"

"कशाला म्हणजे? नावं ठेवताना पानभर लिहिलं, मग हेही लिहायला नको? बाकीच्यांनाही बदलून मागता येईल."

ती चष्मा लावून बसली. पान वर सरकवलं, खाली सरकवलं, पुन्हा वर नेलं.

"अहो, माझं दिसत नाहीये."

नेट मंद आहे म्हणून वेळ मारून न्यावी असं क्षणभर मनात आलं. पण तिच्या तोंडाकडे बघून ते जमेना.

"मी काढलं," ते म्हणाले. "त्या मुलीची नोकरी जाणार होती गं."

आकांडतांडव केलं असतं तर बरं झालं असतं. तिने चष्मा काढून ठेवला.

"मला विचारायचं तरी होतंत," ती म्हणाली. "माझं होतं ते."

"चुकलंच माझं. पुन्हा लिही. तू सांग, मी टाइप करतो." त्यांनी लगबगीने फोन घेतला. पडद्यावर अक्षरं आली: या वस्तूविषयीचे मत आपण मागे घेतले आहे. नव्याने नोंदवता येणार नाही. त्यांनी ते दोनदा वाचून दाखवलं.

"बहिणीकडे जायच्या दिवशी एकीने माझ्या लिहिण्याखाली विचारलं होतं," ती हळू म्हणाली. "सासऱ्यांचा हात थरथरतो, त्यांच्यासाठी ही केटली घेऊ का, म्हणून. मी गाडीच्या गडबडीत होते. आल्यावर नीट लिहीन म्हटलं. आता तिला कुठे गाठू?"

तिचं लिहिलेलं तर समूळ गेलं होतं, त्याच्याखालचे प्रश्नही. दुपारभर बरंबरं खिडकीशी बसून त्या केटलीबद्दल लोकांनी लिहिलेलं एकेक वाचत राहिले. उत्तम. सुंदर. पैसे वसूल. दिसायला देखणी. कोणाच्या सासऱ्यांचा उल्लेख आला की त्यांचा अंगठा थांबायचा.

"सापडली का हो ती बाई?" बायकोने आतून विचारलं.

"नाही अजून."

इथे लिहिणारे सगळे घेऊन बसलेले; ती विचारणारी इथे सापडायची, तर तिने केटली घेतलेलीच असायची. हे त्यांच्या केव्हाच लक्षात आलं होतं, आणि बायकोच्याही आलं असणार.

"बघा अजून," ती म्हणाली.

त्यांनी चष्मा पुसला आणि पुढचं पान उघडलं.