हळदीच्या वखारीतली मॉरिस

फाल्गुन उतरणीला लागला होता. कृष्णाकाठच्या शिवारांत हळद शिजवणाऱ्या काहिली एकेक करून निवत होत्या, आणि उकडलेल्या हळकुंडांचा उष्ण, मातकट, औषधी गंध वाऱ्याच्या पदरात बांधला जाऊन सांगलीच्या वखारभागात दारोदार उतरत होता. सकाळ पिवळी, दुपार पिवळी, सांज तर पिवळ्याहून पिवळी. हमालांच्या पापण्यांवर पीतधूळ, पोत्यांच्या थप्प्यांवर पीतधूळ, देवळाच्या पायरीवर निजलेल्या कुत्र्याच्या पाठीवरही पीतधूळ.

मगदुमांच्या वखारीत दहा वर्षांत हळकुंडाचं एक पोतं उतरलं नव्हतं. पण त्या मिटलेल्या दारांआड, कौलांच्या फटींतून गळणाऱ्या किरणांच्या बारीक धारांखाली, एक मोटार उभी होती. मॉरिस. सन एकोणीसशे सदतीसची. शेवाळी हिरव्या अंगाची, तारांच्या चाकांची, कॅनव्हासच्या जीर्ण टपाची. पंचेचाळीस वर्षं ती जागची हलली नव्हती. पंचेचाळीस हंगामांची हळद तिच्यावर थरावर थर निजली होती. हिरवं दिसत नव्हतं, काळं दिसत नव्हतं. दिसत होतं ते एक निश्चल, सुवर्णधूसर मौन.

ती मोटार त्रिशलेची होती.

त्रिशला श्रीकांत मगदुमांची एकुलती लेक, दोन भावांमधली. अठ्ठाविसाव्या वर्षी कपाळ पुसून, एक शिवणयंत्र आणि एक पत्र्याची पेटी घेऊन माहेरी परतलेली. मागच्या अंगणातल्या खोलीत बावीस वर्षं तिनं सांगलीतल्या लेकीसुनांची पोलकी शिवली. बावीस वर्षं यंत्राचं पायडल, बावीस वर्षं खडूची रेघ, बावीस वर्षं दुसऱ्यांच्या अंगाचं माप. स्वतःचं माप कुणी काढलं नाही, आणि तिनंही ते कुणापुढे मांडलं नाही.

श्रावणात वडील गेले. मार्गशीर्षात वाटणीचे कागद निघाले. घर दोन्ही भावांचं, मळा दोन्ही भावांचा, वखारीची जागा विकून येईल ते दोन्ही भावांचं. बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करायची, जशी त्या गल्लीतल्या साऱ्या बहिणींनी केली होती. थोरल्या भरतेशनं, तिच्या अण्णानं, आवाज मऊ ठेवून समजावलं की खोली आहे तोवर तिचीच आहे. मग त्याच मऊ आवाजात हेही सांगितलं, की पुढच्या दिवाळीनंतर मुलाचं लग्न काढायचं आहे, तेव्हा मागचं बांधकाम पाडून वर मजला चढवावा लागेल.

तिनं लेखणी हातात घेतली. थांबली. म्हणाली, वखारीतली मोटार माझ्या नावावर करा.

ओटीवरची माणसं हसली. धाकटा अजित तर डोळ्यांत पाणी येईतो हसला. अक्काला मोटार हवी! जिचं चारांतलं एक चाक फिरत नाही, जिच्या गाद्यांत उंदरांच्या सात पिढ्या नांदल्या, ती मोटार! हसत हसतच दोघांनी ना-हरकतीवर सह्या केल्या. ती हसली नाही. आरटीओच्या कचेरीत ती चार वेळा गेली, चार वेळा रांगेत उभी राहिली, आणि संक्रांतीच्या आधी मोटारीच्या नोंदणीपुस्तकावर तिचं नाव चढलं.

का मागितली तिनं? किमतीसाठी नव्हे, किंमत तेव्हा तिलाही ठाऊक नव्हती. भरल्या घरात पोरीला अभ्यासाला कोपरा नव्हता, तेव्हा मोटारीच्या मागच्या गादीवर पाय दुमडून बसून तिनं दहावी केली होती. भूमिती तिथे, संस्कृत तिथे, मध्येच थांबून खिडकीच्या काचेवर बोटानं काढलेली वर्तुळं तिथे. त्या घरात फक्त तेवढीच जागा अशी होती, जिथून तिला कुणी ऊठ म्हटलं नव्हतं.

पण आठवण घर बांधत नाही. हे तिला कळत होतं. खोली जायची होती, वखारही जायची होती. नव्या धन्याला अक्षय्य तृतीयेला जागा मोकळी हवी होती. मोटार विकायची, हे तिनं ठरवलं. आणि योग्य किमतीला विकायची, हेही तिनं त्याच श्वासात ठरवलं.

पहिला आला तो भंगारवाला. त्यानं मोटारीभोवती फेरी मारली, चाकाला पायानं ठोकर दिली, सातशे किलो लोखंड धरलं आणि एकवीस हजार बोलला. त्रिशलेनं त्याला पाणी दिलं आणि दार दाखवलं.

दुसऱ्या दिवशी ती मिरजेला गेली. तिथे दर्ग्याच्या मागल्या गल्लीत बंदेनवाज मिस्त्री राहत होते; वय अठ्ठ्याहत्तर, बोटं वाकलेली, नजर मात्र अजून सुईसारखी. जुन्या मोटारींचं त्यांना जे कळत होतं, ते पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं. ते आले. वखारीचं दार उघडलं, प्रकाशाचा लोट आत शिरला, आणि म्हातारा उंबऱ्यातच थबकला. देवळात शिरताना माणूस थबकतो तसा.

त्रिशला फडकं आणि बादली घेऊन तयार होती. सुईदोराही आणला होता. गाद्यांची उसवलेली शिवण तिच्या डोळ्यांत दोन महिने सलत होती. मिस्त्रींनी हात आडवा धरला.

"अक्का, हिला पाणी लावू नका. टाकासुद्धा घालू नका. रंग नवा देता येतो, पण पहिला रंग कुणाच्या बापाला परत देता येत नाही."

मग त्यांनी फुंकर मारली. एकच, हलकी. बॉनेटवरची धूळ उडाली, आणि तळहाताएवढ्या जागेतून कारखान्यातून निघालेली हिरवी झळाळी वर आली. खोल, शांत, डोहासारखी. इंजिनवरचा आकडा त्यांनी पुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहिला. जुळला. आजोबा पायगोंडांच्या पेटीत खरेदीची पावती सापडली, तीही जुळली. दिवे मूळचे, काचा मूळच्या, लाकडी चौकट मूळची. मिस्त्री म्हणाले, अशा मोटारी लोक रंगवून, चकचकीत करून विकतात. न रंगवलेली, न छेडलेली आता शोधून सापडत नाही. किंमत किती, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. ती तुम्ही ठरवा, म्हणाले. एकदा ठरवली की समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून बदलू नका.

ती कोल्हापूरला जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात गेली. दिवसभर फिरली. रेशमी, रंगीत, आरशासारख्या लखलखत्या मोटारींच्या रांगांतून सुती पातळातली ती सावळी बाई पिशवी सावरत, विचारत, ऐकत फिरली. अशीच एक मॉरिस, नवी केलेली, गेल्या साली बारा लाखांना गेली होती. तिला नवी करायला तीन-साडेतीन लागले होते. पोलक्याच्या कापडाचा हिशेब करावा तसा तिनं तो हिशेब केला. कापड, शिलाई, वाया गेलेलं, उरलेलं. परतीच्या एसटीत, उसाच्या हिरव्या अंधारातून गाडी धावत असताना, तिच्या ओठांवर एक आकडा स्थिर झाला.

नऊ लाख.

मग तिनं छायाचित्रं काढली. झळाळीची एक, आणि जखमांची एकोणीस. गंजून चाळण झालेली तळपत्री, उंदरांनी कुरतडलेली गादी, तडकलेला दिवा, विरलेला टप. प्रत्येक व्रणापुढे तिनं फोन धरला, प्रत्येक व्रण उजेडात आणला. मिस्त्रींच्या ओळखीनं ती छायाचित्रं गाडीवेड्या माणसांच्या गटांत पोचली. चैत्र उजाडला. कडुनिंबाला पांढरट तुरे आले. फोन वाजू लागला.

कुणी पाच म्हणे, कुणी सहा. एकानं सात म्हटलं आणि त्याच दिवशी रोख देतो म्हणाला. ती प्रत्येकाला तेवढंच सांगायची, तितक्याच शांतपणे, यंत्राचं पायडल न थांबवता. नऊ.

आकड्याची कुणकुण घरात शिरली आणि घराचं हसू विझलं. पाडव्यानंतरच्या एका उन्हाळलेल्या दुपारी अण्णा वखारीत आला. सोबत कोल्हापूरचा एक दलाल, पांढरी पँट, सोन्याचं घड्याळ. दलालानं आधी साडेचार सांगितले. नऊ, ती म्हणाली. मग त्यानं खिशातून टंकलिखित कागद काढला आणि आवाज खाली आणला. ही मोटार एका संस्थानिकाच्या घोडशाळेशेजारी उभी असायची, राणीसाहेबांच्या स्वारीची होती, एवढं लिहून द्यायचं. एवढ्या एका सहीचे दहा देतो म्हणाला.

दहा. तिनं मागितलं होतं त्याहून एक जास्त. कौलांतला एक किरण त्या कागदावर येऊन पडला होता, आणि त्यात धुळीचे कण मंद, निर्विकार फिरत होते. अण्णा म्हणाला, सही कर, यात कुणाचं काही जात नाही. आणि पैसे आले की घरातलीच वस्तू म्हणून तिघांत वाटून घेऊ.

तिनं कागद घडी करून दलालाच्या हातात परत दिला.

"ही पायगोंडा मगदुमांची मोटार आहे," ती म्हणाली. "हळदीच्या व्यापाऱ्याची. त्यांनी घाम गाळून घेतली. राणीच्या नावानं विकायला ती काही बेवारस नाही."

मग ती भावाकडे वळली. आवाज चढला नाही, डोळे भरले नाहीत.

"अण्णा, घर तुमचं झालं तेव्हा मी वाटणी मागितली नाही. आता तू मागू नकोस."

अण्णाच्या मानेवरची शीर ताठली. तृतीयेला सकाळी जागा मोकळी दिसली नाही तर क्रेन बोलावून भंगारात घालतो, एवढं बोलून तो उन्हात निघून गेला. दार तसंच उघडं राहिलं.

पुढचे दिवस पोकळ गेले. सातवाल्यानं फोन बंद केला. सहावाल्यानं दुसरी गाडी घेतली. चैत्राचं ऊन वखारीच्या कौलांवर तापत राहिलं, कृष्णेचं पात्र वाळूच्या बेटांभोवती आकसत गेलं. मिस्त्रींनीही एकदा विचारलं, की अक्का, साडेसातला सोडून द्यायची का? ती म्हणाली, नाही. तिला भीती वाटत नव्हती असं नाही. बॉबिन भरताना दोरा तुटायचा. ती दोरा पुन्हा ओवायची. नऊ, ती यंत्राला सांगायची. नऊ, यंत्र तिला सांगायचं.

तृतीयेला पाच दिवस उरले असताना माधवराव सोवनी आले. श्रीरामपूरकडच्या साखर कारखान्यात इंजिनियर म्हणून जन्म काढलेला, निवृत्त, उंच, वाकलेला माणूस. सोबत पत्नी इंदुमती. माधवरावांनी मोटारीला हात लावण्याआधी विचारलं, लावू का? त्रिशलेनं मान हलवली, आणि त्यांच्या आधी तीच बोलू लागली. इंजिन जाम आहे. ठोकळ्याला तडा असू शकतो, मिस्त्रींनाही खात्री नाही. उजव्या दाराचं लाकूड वाळवीनं पोखरलंय. टायर हात लावला तर भुगा होतील. काही झाकलं नाही, काही सजवलं नाही. दुखणाईताच्या उशाशी बसलेल्या माणसानं वैद्याला सांगावं तसं सारं सांगितलं.

इंदुमतीबाई गादीवरची शिवण निरखत होत्या. हातशिवण आहे, त्या हळूच म्हणाल्या. त्रिशला म्हणाली, हो. असा टाका आता कुणी घालत नाही, मलाही येत नाही.

माधवरावांनी आठ सांगितले. मग साडेआठ. ती नऊवरच होती. ते बाहेर जाऊन कोपऱ्यावरच्या टपरीत चहा घेऊन आले. येताना त्यांचा चेहरा बदलला होता.

"एवढे दोष सांगून किंमत न उतरवणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं," ते म्हणाले. "नऊ. आणि हिचा रंग मी जगेन तोवर बदलणार नाही."

त्रिशलेनं नमस्कार केला. तेवढंच. पण नमस्काराला जोडलेले हात तिला लवकर सोडवता आले नाहीत.

तृतीयेच्या आदल्या दिवशी सकाळी ट्रेलर आला. पैसे तिच्या खात्यावर उतरले होते, पुस्तकावर सह्या झाल्या होत्या. फळ्या लावल्या, साखळी अडकवली, बंदेनवाज मिस्त्री समोर उभे राहून वाकड्या बोटांनी दिशा देऊ लागले. मोटार रेटायला चार माणसं लागली, तरी ती हलेना. मग पाचवे हात मडगार्डवर आले. अण्णाचे. तो कधी आला ते कुणी पाहिलं नव्हतं. त्यानं कुणाकडे पाहिलं नाही. खांदा लावला, दात आवळले, रेटलं. त्रिशला त्याच्या शेजारी उभी राहिली आणि तिनंही रेटलं. लोखंड कण्हलं. चाक फिरलं. इतक्या वर्षांनी मॉरिसनं उंबरा ओलांडला आणि वैशाखाच्या अथांग उजेडात ती डोळे दिपल्यासारखी उभी राहिली.

ट्रेलर वळणावर दिसेनासा झाल्यावर अण्णानं कपाळावरचा घाम पुसला. उद्या अक्षय्य तृतीयेला रिवाजाप्रमाणे उसाचा रस करणार आहे, घरी ये, म्हणाला. ती म्हणाली, येईन.

ज्येष्ठाच्या आरंभी, साठवलेली शिलाई त्या नऊ लाखांत मिळवून, त्रिशलेनं हरिपूरच्या वाटेवर दोन खोल्या घेतल्या. जुन्या, बसक्या, पण दगडी जोत्याच्या. दस्तावर एकच नाव होतं. तिनं भिंतींना स्वतः चुना दिला, स्वतः चूल मांडली, शिवणयंत्र खिडकीशी ठेवलं.

पहिल्या सकाळी ती उठली आणि तिनं नदीकडची खिडकी उघडली. खाली संगम होता. वारणा कृष्णेला मिळत होती, संथ, निळसर, निःशब्द. पाण्यावरून उठलेला उजेड खिडकीतून आत आला, समोरच्या ओल्या पांढऱ्या भिंतीवर चढला, आणि तिथे थरथरत राहिला. लाटेमागून लाट, लाटेमागून लाट. खोलीत कुणी हाक मारत नव्हतं, कुणी ऊठ म्हणत नव्हतं. ती भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसली, आणि नदीचा उजेड हळूहळू तिच्या खांद्यावर उतरला, तिच्या कुशीत उतरला, तिच्या उघड्या तळहातांत येऊन स्थिरावला.