दुसऱ्या कप्प्यातल्या तीन फायली

प्रणय आसनगावहून कॉम्प्युटर दुरुस्तीची बॅग घेऊन पाड्याच्या संघटनेच्या खोलीवर आला, तेव्हा जैतूने त्याला बस म्हटलं, पण पाणी विचारलं नाही. शेणव्याच्या पाड्यांवर दारात आलेल्या माणसाशी असं कोणी वागत नाही. जैतू वागला, आणि त्याला कारण होतं. प्रणय हा जयरामचा सख्खा भाचा. आणि जयराम कोण? डोंगरउताराच्या जमिनी फार्महाउसवाल्यांना दाखवत फिरणारा दलाल. मागच्या उन्हाळ्यात त्याच्याच माणसांनी पाड्याच्या वरकसात, म्हणजे उतारावरच्या नाचणीच्या जमिनीत, गुपचूप हद्दीचे दगड पुरले होते. असा दगड एक पावसाळा जमिनीत मुरला की मग तोच आपल्याला विचारतो, तू कुठला? म्हणून पाड्याची रीत ठरलेली. परका दगड दिसला की बोलायचं नाही, विचारायचं नाही, उपटायचा आणि ओढ्यात टाकायचा. जैतूने आपल्या हाताने अकरा उपटले होते.

आता त्या जयरामचा भाचा संघटनेच्या कॉम्प्युटरला हात लावणार, म्हटल्यावर जैतूच्या मनात पाल चुकचुकणार नाही तर काय होणार? पण दुसरा जाणकार होता कुठे. साल दोन हजार आठ, वनहक्काच्या दाव्यांची धांदल, आणि पाड्याच्या एक्केचाळीस घरांचे दावे त्या एका खोक्यात. शिवाय गोजरआजाचा जबाब. कुणाचा बाप कुठे नाचणी पेरायचा, कुणाचं रान कुठल्या सादड्याच्या झाडापर्यंत, हे सगळं सांगणारा तो शेवटचा म्हातारा. तो बोलत गेला आणि बारावी झालेला जैतू टाइप करत गेला. आजा श्रावणात गेला. अंगठा उठवलेला कागद वाळवीने खाल्ला. उरलं ते कॉम्प्युटरात. प्रिंटरची शाई शनिवारी यायची, सोमवारी ग्रामसभा, आणि शुक्रवारी हे बेणं सहा वेळा बटण दाबल्यावर एकदा उठत होतं.

ओट्यावर भिमाआजी बसली होती, गोजरआजाची बायको. ती दर शुक्रवारी यायची आणि जैतू तिला जबाब वाचून दाखवायचा. "त्याचं बोलणं हाय ना रं आत?" तिने विचारलं.

"हाय आजी," जैतू म्हणाला आणि प्रणयच्या पाठीमागे खुर्ची ओढून बसला, डोळ्यांत तेल घालून.

प्रणयने बराच वेळ तपासून सांगितलं, "डिस्कचे दोन कप्पे आहेत, सी आणि डी. तुमचं विंडोज आणि दावे डीमधी आहेत, तो कप्पा धड आहे. पण मशीन उठवणाऱ्या तीन फायली जुन्या सीमधीच राहिल्यात, आणि सी खराब होत चाललाय. त्या तिघी डीमधी आणू आणि मशीनला सांगू, आता इथून ऊठ. डीवरून नीट उठलं की मगच सी पुसू."

"आनि दावे?"

"त्यांना हात नाय लावणार. तरी आधी पेनड्राइव्हवर घेऊन ठेवू."

जैतू याचीच वाट बघत होता. "पेनड्राइव्ह बॅगेत घाल," तो म्हणाला. "दावे या खोलीबाहेर जाणार नाय."

प्रणयने त्याच्याकडे बघितलं आणि पेनड्राइव्ह बॅगेत टाकला. एक फ्लॉपी घातली, काही वेळ कुरकुर वाजवली आणि काढून जैतूच्या हातात दिली. "मग ही तरी ठेव. त्याच तीन फायली आहेत. डीवरून नाय उठलं तर हिच्यावरून उठेल."

जैतूने ती खिशात घातली. एवढा गोडवा कशाला, असंच त्याच्या मनात आलं.

मग प्रणयने काहीतरी टिचकी मारली आणि सीमध्ये फिकट रंगाच्या फायली उगवल्या.

"या आधी दिसत नव्हत्या," जैतू म्हणाला.

"लपवलेल्या असतात. कोणी चुकून पुसू नये म्हणून."

त्याने त्या डीमध्ये उतरवल्या, एकीत एक आकडा बदलला, डी कप्प्याला चालू म्हणून खूण केली, म्हणजे मशीन आता तिथूनच उठणार. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पडद्यावर 'मामा' असं नाव जैतूने वाचलं. प्रणय रेंजसाठी बाहेर आंब्याखाली गेला. खिडकीतून तुटक बोलणं आलं. "हो, शेणव्यातच. होतंय, होतंय. तासाभरात मोकळा."

जैतूच्या अंगाची लाही झाली. त्याने डी उघडला. एक्केचाळीस घरांचं फोल्डर, आजाचा जबाब, आणि त्यांच्या शेजारी तीन फिकट, अनोळखी फायली. आपल्या वरकसात दुसऱ्याचे दगड. उठवणाऱ्या म्हणे. कशावरून? मूळच्या सीमध्ये आहेतच की, मशीन आजवर तिथूनच उठतंय. त्याने पहिली धरली आणि डिलीट दाबलं. मशीनने विचारलं, ही सिस्टमची फाइल आहे, नक्की काढू? जैतू हो म्हणाला. तिन्ही वेळा हो म्हणाला.

प्रणय परत आला. "मामा विचारत होता, इकडे काय करतोस," तो आपणहून म्हणाला. जैतूने नुसतं हं केलं. प्रणयने मशीन बंद करून चालू केलं.

काळ्या पडद्यावर पांढरी एक ओळ आली आणि तिथेच थांबली. एनटीएलडीआर सापडत नाही, म्हणजे उठवणाऱ्या त्या तिघींतलीच एक. पुन्हा चालू केलं. पुन्हा तीच ओळ.

"असं व्हायला नको होतं," प्रणय पुटपुटला.

भिमाआजी आत आली. काळा पडदा बघून तिचा चेहराच उतरला. "तुज्या मामानं पाठवला तुला," ती प्रणयला म्हणाली. "माज्या म्हाताऱ्याचं बोलणं पुसलंस तू."

प्रणयने जैतूकडे वळून हात पुढे केला. "ती फ्लॉपी दे."

आता जैतूला कळलं की आपण कुठला दगड उपटला होता. फ्लॉपी दिली तर मशीन उठेल आणि त्याच्या कचऱ्याच्या डब्यात त्या काढलेल्या तिघी दिसतील. नाही दिली तर कोणालाच काही कळणार नाही, सगळा आळ जयरामच्या भाच्यावर जाईल. आणि आजाचं बोलणं त्या काळ्या पडद्यामागे राहील. लाज वाटली त्याला, अगदी मेल्याहून मेल्यासारखी. त्याने फ्लॉपी दिली.

कुरकुर झाली आणि मशीन उठलं. फोल्डर होतं. जबाब होता. प्रणयने डी बघितला, मग कचऱ्याचा डबा उघडला. तिन्ही नावं तिथे होती, काढल्याच्या वेळेसकट. त्याने वेळ वाचली, आंब्याकडे एकदा बघितलं, आणि मुकाट्याने तिन्ही परत जागेवर ठेवल्या. फ्लॉपी काढून मशीन पुन्हा चालू केलं. पहिल्या दमात उठलं.

"काय झालं व्हतं रं?" भिमाआजीने विचारलं.

"मशीन आहे, आजी. होतं कधी कधी," प्रणय म्हणाला.

जैतूला तेवढं सोसलं नाही. "मशीनचं नाय," तो म्हणाला. "मी काढल्या त्या. ह्यानी पुरलेले दगड समजून."

भिमाआजीने आधी प्रणयकडे बघितलं, मग जैतूकडे.

"सकाळपासून तुज्यासाठी खपतोय त्यो," ती म्हणाली. "अजून त्याला पानी इचारलं नायस तू. जा, तांब्या भर."