तिसऱ्या वळणावरची ओल

तिसऱ्या वळणावर ओल होती आणि स्नेहलनं ती पाहिली होती.

सकाळी परतीच्या पावसाची एक जोरदार सर येऊन गेली. मग कडक ऊन पडलं आणि सिमेंटचा ट्रॅक तासाभरात पांढरा झाला. पण तिसऱ्या वळणाच्या चढाला एक भेग होती. ट्रॅकमागच्या मातीच्या भरावात मुरलेलं पाणी त्या भेगेतून झिरपत होतं. दोघं जण पोती घेऊन पुसत होते. पुसलं की कोरडं दिसायचं, थोड्या वेळानं पुन्हा काळपट पट्टा उमटायचा. मुख्य पंच आले, बुटाचा तळ घासून त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "चालतंय की. लावा पुढची शर्यत."

पुढची शर्यत जोडसायकलींची होती. म्हणजे स्नेहल आणि दानेश्वरीची.

स्नेहल चौगले मुरगूडची. शाहूपुरीत मोटारपंपांच्या दुकानात बिलं करायची. कॉलेजात असताना तिनं याच ट्रॅकवर एकटीनं बऱ्याच शर्यती मारल्या होत्या. नोकरी लागल्यावर ते सुटलं. मग दोन वर्षांमागं तिचे जुने कोच अमरसिंह सर एका मुलीला घेऊन आले. दानेश्वरी हुक्केरी, गडहिंग्लजकडची, कोल्हापुरात हॉस्टेलवर राहून बी.ए. करणारी. लहानपणीच्या एका तापात तिची दृष्टी गेली होती. "तुला काय पायजे?" असं स्नेहलनं विचारल्यावर ती म्हणाली होती, "जोरात जायचंय. काठी न टेकता."

जोडसायकलवर पुढची हँडल धरते, मागची फक्त पायडल मारते. दोघींची पायडलं एका साखळीत असतात, त्यामुळं एकीचा पाय जरासा थबकला तरी दुसरीच्या पायाला ते कळतं. ट्रॅकच्या सायकलीला ब्रेक नसतो. चाक फिरतंय तोवर पाय फिरत राहतात, थांबायचं म्हटलं तरी पायांनीच अडवावं लागतं.

जुलैत त्या दोघी पडल्या होत्या, याच तिसऱ्या वळणावर. पुढच्या सायकलीचं टायर फुटलं आणि त्या तिच्यावर जाऊन आदळल्या. दानेश्वरीचं मनगट मोडलं. तिचे वडील बाळाप्पा यांचं गावात कापडाचं दुकान होतं. ते रातोरात आले आणि म्हणाले, "पुरं झालं आता हे." दानेश्वरीनं बरं म्हणून मान हलवली. प्लास्टर निघाल्यावर घरी न सांगता पुन्हा यायला लागली. पण तिसऱ्या वळणावर तिचे पाय अजून लाकडासारखे व्हायचे. वळण सरलं की सैल पडायचे. स्नेहलला ते रोज कळायचं.

म्हणूनच, हेल्मेटचा पट्टा लावता लावता दानेश्वरीनं जेव्हा विचारलं, "ट्रॅक वाळला का गं, आक्का?" तेव्हा स्नेहल पटकन म्हणून गेली, "वाळलाय की. खडखडीत."

शेजारी चाकातली हवा बघत बसलेल्या अमरसिंह सरांनी मान वर केली. स्नेहलकडं एकदा बघितलं आणि पुन्हा चाकाकडं वळले.

समोर सांगलीची जोडी होती. त्यांच्यात पुढं बसणारी मोना, जुनी आणि पक्की. पाठलागाची शर्यत. दोन सायकली ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंनी सुटणार, नऊ फेऱ्या मारणार, जी जोडी आधी संपवेल ती पुण्याला राज्याच्या निवडीला जाणार. दुसऱ्या जोडीला काही नाही.

सरांनी मागून सीट धरली. दोघी चढल्या, पाय पायडलात अडकवले. घड्याळाचे आकडे उतरू लागले. स्टँडमधला गोंगाट कमी झाला.

"दानव्वा!"

तिसऱ्या वळणाच्या जाळीकडून हाक आली. स्नेहलनं मान वळवली. पांढरा शर्ट, कपाळाला विभूती, जाळीत दोन्ही हातांची बोटं अडकवून उभे असलेले बाळाप्पा. त्यांना शर्यतीचं कुणी सांगितलं कोण जाणे.

"दानव्वा, उतर खाली! हितं पानी हाय! हातानं बघितलंय मी! बेड, बेड!" घाबरले की बाळाप्पा कन्नडवर येत. नको, नको म्हणून ते ओरडत होते.

मागून अगदी कानाजवळ दानेश्वरीचा आवाज आला.

"आक्का, ओलं हाय?"

"हाय."

"तुला म्हाईत होतं?"

"व्हय."

"आन् मला खडखडीत म्हणून सांगितलंस."

घड्याळावर वीस उरले होते. अमरसिंह सर हळूच म्हणाले, "दानेश्वरी, उतरायचं असलं तर आत्ता उतर. कुणी काय म्हणणार न्हाय तुला."

जाळीकडून हाका चालूच होत्या. एक पंच बाळाप्पांकडं धावला. दानेश्वरीचा श्वास स्नेहलच्या मानेवर गरम लागत होता. दहा उरले.

"उतरत न्हाय मी," दानेश्वरी म्हणाली. "पण आता समदं सांगायचं. जे दिसंल ते."

"सांगतो," स्नेहल म्हणाली.

पिस्तूल वाजलं.

पहिली फेरी उभ्यानं मारायची, सायकल वेगात आणायची. ते जमलं. पहिलं वळण, दुसरं, मग सरळ पट्टी, आणि समोर तिसरं वळण भिंतीसारखं उभं राहिलं. त्याच्या मधोमध तो काळपट पट्टा, वरून खाली ओघळलेला.

"ओल येतीया!" स्नेहल ओरडली. मागचे पाय अडले. सायकल कोणी शेपूट धरून ओढावी तशी मागं खेचली गेली. पट्टा ओलांडला. "गेली! कोरडं हाय आता!"

पण पाय सैल झाले नाहीत. चौथ्या वळणावर कोरडं होतं तरी ते अडले. पुढच्या फेरीत पहिल्यावर अडले, दुसऱ्यावर अडले. स्नेहल दर वळणाला "कोरडं, कोरडं" म्हणून ओरडत होती आणि मागून दर वळणाला तोच विरोध येत होता. तोंडानं दानेश्वरी काही बोलत नव्हती. तिचे पाय बोलत होते. हीच तर मघाशी खडखडीत म्हणाली होती. आता तिच्या कोरड्यावर कसा विश्वास ठेवायचा?

तिसऱ्या फेरीच्या शेवटी अमरसिंह सरांनी दोन बोटं दाखवली. दोन सेकंद मागं. चौथ्या फेरीला बोटं तीन झाली. स्टँडमधून सांगलीचे लोक मोनाच्या नावानं ओरडत होते. जाळीपाशी बाळाप्पा आता ओरडत नव्हते. पंचानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि ते नुसते बघत होते.

सरळ पट्टीवर आल्यावर स्नेहलनं एकदा जोरात श्वास घेतला आणि ओरडून सांगितलं, "दाने, ऐक. पट्टा दोन हात रुंद हाय. वरून खालपर्यंत. चुकवता येत न्हाय. त्याच्यावर गेलं की मागचं चाक खाली सरकणार. बोटभर. मग धरणार. तू पाय अडवलंस तर जास्त सरकंल. ऐकतीयास?"

पट्टा चाकासमोर आला.

"आता. सरकणार!"

चाक सरकलं. बोटभर. आणि मग चाकानं सिमेंट धरलं, सायकल सावरली, वळण संपलं.

"गेली. पुढं कोरडं."

चौथ्या वळणावर मागचे पाय अडले नाहीत.

स्नेहलला आधी वाटलं, आपल्याला भास होतोय. मग पहिल्या वळणावरही साखळी ताठ राहिली, मागून जोर येत राहिला. दानेश्वरीनं जोर लावला की काय होतं हे स्नेहल तीन महिन्यांत विसरून गेली होती. आपल्या पायांखालून पायडल निसटून पुढं जातंय असं वाटायचं. तसंच आता वाटत होतं.

"सरकणार!" सहाव्या फेरीला.

"सरकू दे," पाठीमागून आलं. शर्यत सुरू झाल्यापासूनचा तिचा पहिला शब्द.

सरांची बोटं दोन झाली. मग एक. सातव्या फेरीला सर बोटं दाखवायचं विसरून दोन्ही हात हवेत फिरवत होते. ट्रॅकच्या पलीकडच्या बाजूला मोनाची सायकल दिसत होती, पण ती पुढं आहे का मागं हे स्नेहलला कळेना. मांड्यांत आग लागली होती. डोळ्यांत घाम उतरला होता आणि हँडलवरून हात काढायची सोय नव्हती.

शेवटच्या फेरीची घंटा वाजली.

दुसऱ्या वळणातून बाहेर पडताच तिनं पुढं बघितलं. पुसणारे दोघं शर्यत सुरू झाल्यावर बाजूला गेले होते. इतक्या वेळात पट्टा पसरला होता. दोन हातांचा चार हात झाला होता. उन्हात तो आता चमकत होता.

क्षणभर तिच्या जिभेवर आलं, काही नाही, तसंच आहे, मार. तेवढं म्हटलं की झालं असतं.

"वाढलंय," ती ओरडली. "दुप्पट झालंय. लई सरकंल. दाने, मला भ्या वाटतंय."

"मलाबी," दानेश्वरी ओरडली. "अडवू का मारू?"

"मार! एकसारखं मार! झटका दिऊ नको!"

चाक ओलीवर गेलं आणि सरकलं. या खेपेला ते थांबेचना. हातभर खाली आलं, सायकलीचं शेपूट वळणाच्या पोटाकडं घसरत गेलं, स्नेहलचे खांदे हँडलवर ताठ झाले, आणि जाळीपलीकडून बाळाप्पांच्या तोंडून एक आवाज निघाला, त्यात शब्द नव्हता. दानेश्वरीचे पाय थांबले नाहीत. कमी नाही, जास्त नाही, शिवणयंत्र चालावं तसे फिरत राहिले. त्या जोरावर सायकल उभी राहिली. मग पुढचं कोरडं सिमेंट लागलं, टायर चर्रकन वाजलं आणि त्या सरळ झाल्या.

चौथं वळण. पट्टी. रेषा.

पिस्तूल दोनदा वाजलं, दर जोडीला एक बार, इतकं लागोपाठ की पहिला बार कुणाचा ते स्टँडलाही कळलं नाही.

वेग उतरायला दोन फेऱ्या गेल्या. सरांनी सायकल धरली तेव्हा लाउडस्पीकरवरून निकाल आला. सांगली पुढं होती. अर्ध्या सेकंदानं.

सुरुवातीच्या चार फेऱ्यांत घालवलं ते सगळं भरून आलं नव्हतं.

दानेश्वरी उतरली. बाळाप्पा आत आले होते. त्यांनी तिचा हात धरला, मनगट दाबून बघितलं, दुसरं मनगट बघितलं. "घरला चल," एवढंच म्हणाले.

"आप्पा, आधी मला तिथं न्या," ती म्हणाली. "ओल हाय तिथं."

बाळाप्पा तिला घेऊन गेले. स्नेहल चार पावलं मागून चालत राहिली. वळणाच्या पायथ्याशी दानेश्वरी गुडघ्यावर बसली आणि तळवा सिमेंटवर ठेवला. कोरड्यावरून ओल्यावर, ओल्यावरून पुन्हा कोरड्यावर तिनं हात फिरवला. चढ किती उभा आहे तेही चाचपलं.

"एवढंच?" ती म्हणाली. "एवढ्यासाठी खोटं बोललीस, आक्का?"

"तू घाबरशील म्हणून."

"घाबरलोच असतो. मग?"

बाळाप्पा मधे पडले. "पाय मोडला असता तुजा."

"मोडला असता तर माजा मोडला असता की, आप्पा. आन् कशानं मोडला ते मला म्हाईत असतं. तुमीबी घरात तसंच करता. डॉक्टर काय म्हणाला ते मला शेवटाला सांगता." तिचा आवाज चढला होता. पोती घेऊन आलेले दोघं तिथंच थबकले. "मला दिसत न्हाय. ऐकू येतंय."

बाळाप्पांनी स्वतःची चप्पल काढली आणि अनवाणी पाय त्या ओलीवर ठेवून बघितला. पाय घसरला, तसं त्यांनी जाळीचा आधार घेतला.

"चुकलं माझं," स्नेहल म्हणाली. "त्यात दुसरं काय सांगण्यासारखं न्हाय."

दानेश्वरी उठली. हात पँटला पुसले. स्नेहलला वाटलं, संपलं. दोन वर्षं, रोजची पहाट, सगळं इथंच संपलं.

"पुण्याचं गेलं," दानेश्वरी म्हणाली. "आता पुढं काय हाय?"

"डिसेंबरात रस्त्यावरची शर्यत हाय. गगनबावड्यापतोर."

"रस्ता कसा हाय तिकडं?" हे बाळाप्पांनी विचारलं.

चांगला आहे असं सांगितलं तर म्हातारा शांत होईल, हे स्नेहलला दिसत होतं.

"वाईट हाय," ती म्हणाली. "खड्डे हायत. वरच्या अंगाला धुकं असतंय, समोरची गाडी दिसत न्हाय. ट्रकबी असतात."

बाळाप्पा मुलीकडं बघत राहिले. दानेश्वरीनं हेल्मेट काढलं, घामानं चिकटलेले केस मागं सारले.

"मग सरावाला जास्त दिवस लागतील," ती म्हणाली. "सोमवारपासनं येतो मी. तुझ्या मागं बसायचं का न्हाय, ते तवा ठरवू."

आणि ती बाळाप्पांचा दंड धरून पाणी प्यायला निघाली.