आठव्या मिनिटाला

प्लास्टिकचा तो वाडगा... काठावर निळ्या अक्षरांत दोन नावं आणि लग्नाची तारीख, सहा वर्षं घासून घासून पुसट झालेली, पण आज मेली स्वच्छ वाचता येत होती. इदाहोसा – इसोकेन. उवाइलाने वाडगा भिंतीकडे वळवला. रक्ततपासणीच्या पांढऱ्या पट्ट्या ती प्रयोगशाळेत रोज त्यातच भिजत घालायची. लग्नाहून परतणाऱ्या पाहुण्याला बेनिन शहरात कुणी रिकाम्या हाती पाठवत नाही. तिलाही हा वाडगा मिळाला होता, वर तिखट भाताचा डबा. “तुमच्या तपासणीच्या कागदावरच तर लग्न झालं, मॅडम!” इदाहोसा तेव्हा हसत म्हणाला होता. आता तोच दाराबाहेर बाकावर बसून बायकोचं मनगट पिरगाळत होता, आणि बाकाचा सैल पाय फरशीवर ठकठक वाजत होता.

मघाशी आत रक्त काढताना तिने त्याच्या दंडावर रबर आवळलं, जरा जास्तच आवळलं. शीर टरारून वर आली. याच हाताने मारत असेल – की डाव्या?

“जुना कागद भिजला, मॅडम,” तो म्हणाला. “घरातले म्हातारे ताजा मागतायत. मी एए आहे, रक्तात सिकलचा एस नाही, तेवढं लिहून द्या. मग बघतो हिच्याकडे.”

“पोरगं कसंय?”

“एसएस! पक्का सिकलसेल, हॉस्पिटलवाल्यांनी लिहून दिलंय. एक एस आईकडून येतो, एक बापाकडून; हिचा एक, ते मला ठाऊक होतं. दुसरा कुठून आला? आभाळातून पडला? बोल ना गं, आता का दातखीळ बसली?” आणि मोकळ्या डाव्या हाताने त्याने इसोकेनच्या कानशिलात अशी ठेवून दिली की तिचं डोकं कपाटावर आपटलं. सुई त्याच्या शिरेत होती. उवाइलाला वाटलं, ही सुई अशीच आत दाबावी... हाडापर्यंत... नुसतं वाटलं. तिने कापसाचा बोळा ठेवला आणि म्हणाली, “हात दुमडून धरा.” हे एवढंच बोलता आलं तिला. थूः!

नंतर तो बाकावरून उठून फोन करायला अंगणात गेला तेव्हा इसोकेन दारातून आत सरकली. ओठ फाटलेला, एक डोळा बंद.

“आंटी, संध्याकाळी घरच्या देव्हाऱ्यात, पितरांच्या काठ्यांपुढे बसवणार मला. बायकोने लपवलेलं पाप ओकलं नाही तर पितर पोराला धरतात... माझा एफोसा हाडं दुखतात म्हणून किंचाळतो हो, गुरासारखा. मी कुणाचं तरी नाव घेणार आहे.”

“पण तू खरंच...”

“नाही हो आंटी, देवाशप्पथ! कुणीसुद्धा नाही. पण रडायचं थांबेल ना तो?” मग खाली बघत, स्वतःशीच बोलल्यासारखं, “का कुणास ठाऊक... मीच विसरले असेन.”

विसरले असेन! इसोकेन बाकाकडे परतली तशी उवाइलाने इदाहोसाच्या रक्ताची पट्टी लावून वीज सोडली. विसरलं कुणीच नव्हतं. सहा वर्षांपूर्वीचा तो शुक्रवार, चर्चच्या पाद्र्याला लग्नाआधी दोघांच्या रक्ताचा कागद हवा म्हणून दाराशी खोळंबलेली जोडपी, शनिवारवर आलेलं लग्न... रक्ताचा ठिपका पट्टीवर ठेवायचा, पट्टीची टोकं द्रावणात बुडवायची, वीज सोडायची. रक्तातले कण विजेच्या ओढीने निघतात, ए पुढे पळतो, एस मागे रेंगाळतो, आणि पंधराएक मिनिटांनी ज्याच्यात दोन्ही आहेत त्याच्या एका रेघेच्या दोन होतात. आठव्या मिनिटाला मात्र सगळ्यांची एकच असते, जाड, लाल, निरागस. आणि आठव्या मिनिटाला वीज गेली होती. जनरेटरमध्ये थेंब नव्हता. पट्टी फेकायची, पुन्हा करायचं – हे तिला शिकवलं होतं, तीच दुसऱ्यांना शिकवायची. तिने जाड रेघेकडे बघितलं, बहुतेक लोक एएच असतात म्हणाली, आणि लिहिलं – इदाहोसा, एए. चटकन. पेनसुद्धा अडखळलं नाही.

आता इदाहोसाची रेघ डोळ्यांदेखत सरकत होती. फुटू नकोस, ती पुटपुटली, फुटू नकोस गं बाई... आणि पंखा मंदावला, थांबला. वीज गेली. घड्याळात बघितलं तर आठवं मिनिट होतं. तिला हसू आलं, घाणेरडं. पट्टीवर एकच जाड रेघ. लिही की! तू त्याच त्या कागदाची नक्कल करतेयस फक्त. तो खूश, तुझी नोकरी शाबूत, आणि संध्याकाळी ती बाई गुडघ्यावर बसून एखाद्या गरिबाचं नाव घेईल, मग इदाहोसाचे भाऊ कोयते घेऊन त्या गरिबाच्या दारात...

“झालं का, मॅडम?” त्याने दारावर मूठ हाणली. काचेच्या नळ्या थरथरल्या.

“नाही झालं! बस तिथे गप!” हा आवाज आपला? तिने पट्टी टराटरा फाडली, मागच्या दाराने जाऊन जनरेटरची दोरी ओढली – एकदा, दोनदा, तळहात सोलवटून निघेपर्यंत – आणि तो भडभडत सुरू झाला. वाडग्यातून नवी पट्टी काढताना नावं तिच्याकडे तोंड करून आली. येऊ देत. तिने पहिल्यापासून केलं.

आठ. दहा. बाराव्या मिनिटाला रेघेच्या कडेला भेग दिसली, आणि मग ती चिरत गेली, शांतपणे – पुढे एक, मागे एक. दुसरा एस बापाचाच. आभाळातून पडला नव्हता.

मारेल तो. दात पाडेल. मार, तिने मनात म्हटलं, मार मेल्या, मी उभी आहे... आणि गाल खरंच हुळहुळला, जणू थोबाडीत बसलीच. केवढं मोकळं वाटलं! मग त्या मोकळेपणाचीच तिला शिसारी आली. एक थोबाडीत खाल्ली की सुटलीस, होय ना? आत्तापर्यंतच्या सगळ्या इसोकेनने खाल्ल्या, त्यांचं काय? मार खाऊन हे भागणार नव्हतं. संध्याकाळी त्या काठ्यांपुढे, त्या म्हाताऱ्यांपुढे गुडघे टेकून पाप ओकायचं होतं ते उवाइलाने, स्वतः. आणि पोर तरीही किंचाळतच राहणार होतं.

बाहेर मूठ पुन्हा बसली. तिने पट्टी वाडग्यात ठेवली, वाडगा छातीशी धरला. भीती होतीच, पण ती आता त्या मुठीची नव्हती. दाराची कडी हाताला गार लागली, आणि तिला कळेना, इसोकेनला आधी काय म्हणायचं.