वर आलं की ओरडायचं

सोफावाल्यांच्या मुलाची कयाक दोन वर्षं त्यांच्या कारखान्यात छताला टांगलेली होती. पिवळीधमक, प्लास्टिकची, दोन माणसांची होडी. खाली उघड्या खुर्च्यांचे सांगाडे, स्प्रिंगा, फोमचे तुकडे, आणि वर ही पोट दाखवत लटकलेली. गिऱ्हाईक आत आलं की आधी वर बघायचं आणि मग विचारायचं, "हे काय?" सोफावाले म्हणायचे, "पाळणा." पुढे कोणी विचारत नसे.

होडी आणली होती मुलाने. "बाबा, जन्मभर तळ्याच्या काठावर बसून बोटाएवढे मासे धरलेत. आता समुद्रात जाऊ. तुम्ही आणि मी," असं म्हणाला होता. वल्ही आली, गळाच्या काठ्या आल्या, लाइफ जॅकेटं आली. समुद्र जरा शांत होऊ दे, म्हणून थांबले, तर मुलगाच साधा ताप म्हणून दवाखान्यात गेला आणि परत आला नाही. सोफावाल्यांची बायको आधीच गेलेली. घरात उरले दोघं, सासरा आणि सून.

सून रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये कामाला होती. ती दिवसभर लोकांच्या हातात सुई टोचायची, हे दिवसभर खुर्च्यांच्या बुडाला. "आपण दोघंही सुईवर जगतो, बाबा," ती म्हणायची. संध्याकाळी जो आधी घरी येईल तो कुकर लावायचा. टीव्हीवर बातम्या लागल्या की दोघं मिळून निवेदकाला नावं ठेवायची. याला सुख म्हणत नाहीत, हे दोघांनाही कळत होतं. पण घरात दिवा लागत होता.

आणि तिला पुन्हा लग्न कर असं सांगणारे सोफावालेच, बरं का. तेही एकांतात नाही. चार नातेवाईक जमलेले असताना, चांगला खाकरून घसा साफ करून. "ती माझी मुलगीच आहे. तिने आयुष्य का म्हणून जाळायचं?" व्याह्यांनी मिठी मारली, मेहुणीने डोळ्याला पदर लावला, मोठ्या मनाचा माणूस म्हणून गल्लीभर नाव झालं. सोफावाल्यांना ते आवडलं, खोटं कशाला बोला. मोठं मन दाखवण्यात काही जात नाही, जोवर समोरचा माणूस ते खरं धरत नाही. सून वर्षभर "बघू" म्हणत राहिली. मग एक दिवस ती "हो" म्हणाली, आणि सोफावाल्यांच्या हातातला घास हातातच राहिला.

ज्याला 'हो' म्हणाली, तो माणूस जमीन मोजणीच्या खात्यात होता. दूरच्या शहरात बदली झालेला. सोफावाल्यांनी त्याच्यात खोट काढायला जंग जंग पछाडलं. तो कमी बोलत होता, पण जे बोलत होता ते बरं बोलत होता. घरी आला तेव्हा सोफ्यावर बसून हाताने शिवण चाचपून म्हणाला, "हे हाताने केलंय ना?" त्याच्यात एवढीसुद्धा खोट नाही, हे तर सोफावाल्यांना जास्तच जिव्हारी लागलं.

लग्न आठवड्यावर आलं तेव्हा सून कारखान्यात आली, मान वर करून होडीकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "जायच्या आधी ही एकदा समुद्रात नेऊ या, बाबा. त्याचं राहिलंय. रविवारी. आपण दोघं."

"मला पोहता येतं. तुझं काय?"

"मला बुडता येत नाही. जॅकेट असतंच की."

होडी खाली उतरवली. आतून कोळिष्टकं निघाली, पाणी काढायच्या भोकाचं बूच हरवलेलं निघालं. सोफावाल्यांनी जुन्या खुर्चीच्या पायाचं रबर कापून बूच बनवलं आणि ते असं चपखल बसलं की त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. मग अंगात आलं. बसायच्या जागा कडक आहेत म्हणून त्यांनी रेक्झिनची गादी शिवली. सून म्हणाली, "फोम पाणी पिईल. आपण मासे धरायला चाललोय की दिवाणखान्यात?" त्यांनी मुकाट्याने फोम काढला. ती हसत होती. हे हसणं पुढच्या रविवारी या घरात नसेल, असं त्यांच्या मनात आलं, आणि हातातली कात्री कुठे ठेवली तेच त्यांना आठवेना.

किनाऱ्यावर होड्या शिकवणाऱ्या एक बाई होत्या. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे त्यांना शिट्टीबाईच म्हणायचे. त्यांनी दोघांना वाळूवरच होडीत बसवलं, सून पुढे, सोफावाले मागे, आणि खाडीच्या तोंडाशी उभं राहून सगळं समजावलं. वल्हं कसं धरायचं, मासा लागला तर कसं वाकायचं, वारा फिरला तर कधी परतायचं.

"काठी, पक्कड, जाळी, डबा, सगळं होडीला बांधायचं. बांधलं नाही ते गेलं," शिट्टीबाई म्हणाल्या. "पण माणूस बांधायचा नाही. कुठेच नाही, कशालाच नाही. होडी उलटली की माणसाला सुटता आलं पाहिजे. कळलं का, आजोबा?"

"मी कोणाचा आजोबा नाही," सोफावाले म्हणाले. ते खरं होतं, आणि तोंडातून निघाल्यावर त्यांनाच लागलं. सून वाळूकडे बघत राहिली.

"बरं, काका. आणि होडी उलटली, पाण्याच्या वर आलं, की पहिलं काम ओरडायचं. 'आहे!' असं ओरडायचं. होडी मध्ये असते, पलीकडचं माणूस दिसत नाही. निदान ऐकू तरी आलं पाहिजे. शनिवारी मुद्दाम उलटायची तालीम करू. ती जमल्याशिवाय रविवारी मी सोडणार नाही."

त्या संध्याकाळी सोफावाले वस्तू बांधायला बसले. खुर्चीच्या बुडाला लावतात ती जाड पट्टी त्यांनी काढली, मेण लावलेला दोरा घेतला, वाकडी सुई घेतली. काठीला पट्टी, पकडीला पट्टी, जाळीला, डब्याला. प्रत्येक पट्टीच्या टोकाला कडी. काम झालं. पट्टी मात्र हातभर उरली.

समोर खुंटीला सुनेचं लाइफ जॅकेट लटकत होतं.

शिट्टीबाईंचं बोलणं त्यांना आठवत नव्हतं असं नाही. चांगलं आठवत होतं. पण त्या बाईला काय माहीत? पोरीला पोहता येत नाही, लाट आली आणि हातून सुटली तर? असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि जॅकेटच्या पाठीला पट्टी शिवली. दुहेरी टाके घातले, गाठ आत लपवली. पुढच्या जागेमागे कडी अडकवायची सोय केली. सांगितलं ते कारण खोटं नव्हतं. पण सुई ओढताना त्यांच्या मनात समुद्र नव्हताच. मनात होती एक बॅग, तिने कपाटावरून काढून पलंगावर ठेवलेली, अर्धी भरलेली.

शनिवारी सकाळी खाडीत पाणी छातीभर होतं. सून पुढे बसली, सोफावाले मागे. "जॅकेट जरा नीट करतो," म्हणत त्यांनी तिच्या पाठीमागे कडी अडकवली. तिला कळलंही नाही.

"एका बाजूला झुका!" शिट्टीबाईंनी शिट्टी मारली.

होडी उलटली. नाकातोंडात खारं पाणी गेलं, जॅकेटने सोफावाल्यांना वर ओढलं. डोळे उघडले तर समोर फक्त पिवळं पोट. "आहे!" ते ओरडले.

पलीकडून काहीच आलं नाही.

"आहे!" ते पुन्हा ओरडले, जणू तिने ऐकलं नसेल. आणि मग होडीच्या आतून आवाज आला. धप्. धप् धप्. कोणीतरी खालून हात मारत होतं. सोफावाल्यांना तोंड उघडता येईना, हलता येईना. शिट्टीबाई धावत आल्या, बुडी मारली, कमरेचा सुरा काढला, आणि क्षणात सून वर आली. केस तोंडावर, डोळे फाटलेले, खोकत, ओकत, हवा ओढत.

शिट्टीबाईंनी तिला काठावर आणून पालथं केलं, पाठीवर चापट्या मारल्या. मग कापलेली पट्टी हातात धरून त्या सोफावाल्यांवर उसळल्या. "हे काय आहे? कोणाचा मूर्खपणा? मारायचं होतं का हिला?"

सुनेने मान वळवून पट्टीकडे बघितलं. ते टाके ती ओळखत होती. तिच्या घरातली प्रत्येक खुर्ची त्याच टाक्यांनी शिवलेली होती.

"मीच शिवून घेतलं," ती खोकत म्हणाली. "मला भीती वाटत होती. बाबा नको म्हणत होते."

शिट्टीबाईंनी तिलाच चार शब्द सुनावले. सोफावाले शेजारी उभे होते, अंगातून पाणी गळत होतं, आणि त्यांना एक अक्षर बोलवलं नाही. शरम कशी असते हे आपल्याला ठाऊक आहे, असं त्यांना वाटत होतं. ठाऊक नव्हतं.

"तालीम झालेली नाही," जाता जाता शिट्टीबाई म्हणाल्या. "उद्या सकाळी पुन्हा. जमली तर पुढे जा, नाही तर घरी जा."

घरी आल्यावर तिने चहा केला. दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. तिचा आवाज अजून घोगरा होता.

"तू का खोटं बोललीस?"

"शिट्टीबाईंनी तुम्हाला माझ्यादेखत धुतलं असतं. मला बघवलं नसतं."

"पोहता येत नाही तुला, म्हणून मी..."

"बाबा."

तिने कप बाजूला सरकवला.

"तुम्हाला 'राहा' म्हणायचंय ना? लग्नाचं बोललात त्या दिवसापासून म्हणायचंय. मला कळत होतं. म्हणून तर वर्षभर 'हो' म्हणाले नाही."

सोफावाले कपाचा कान चाचपत राहिले.

"म्हणू नका," ती म्हणाली, आणि आता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "तुम्ही म्हणालात तर मी राहीन. खरंच राहीन, बाबा. आणि मला राहायचं नाहीये. या घरात बेल वाजली की अजून वाटतं, तोच आला. मला एक असं घर हवंय जिथे बेल वाजली की नुसतं दूधवाला आला असं वाटेल. पण तुम्ही एकदा जरी म्हणालात ना, मी बॅग रिकामी करीन. तुमच्या पाया पडते, म्हणू नका."

शब्द अगदी जिभेवर होता. दोन अक्षरं. ती समोर बसून सांगत होती की दोन अक्षरांत काम होईल. सोफावाल्यांनी आयुष्यात इतकं जड काही उचललं नव्हतं.

"चहा गार होतोय," ते म्हणाले.

ती टेबलावर डोकं ठेवून रडली. ते तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. केस अजून ओले होते, त्यांत वाळू होती. मग ते कारखान्यात गेले आणि जॅकेटच्या पाठीला उरलेला पट्टीचा तुकडा उसवायला बसले. स्वतःचंच काम, पण इतकं पक्कं केलेलं की उसवता उसवता नाकी नऊ आले. सुई दोनदा बोटात घुसली. पोरगा असता तर हसला असता.

रविवारी सकाळी पाणी शांत होतं. डब्यात आमिष होतं, काठ्या बांधलेल्या होत्या, रबराचं बूच जागेवर होतं. शिट्टीबाईंनी सुनेच्या जॅकेटवर मागून पुढून हात फिरवला, मग कारण नसताना सोफावाल्यांच्याही. दोघं होडीत बसली. तिची पाठ समोर होती, पाठीवर टाक्यांची भोकं तेवढी दिसत होती.

शिट्टी वाजली. दोघं झुकली. पाणी डोक्यावरून गेलं, सगळं हिरवं झालं, आणि मग पुन्हा हवा, आणि समोर तेच पिवळं पोट.

"आहे!" पलीकडून आवाज आला. खणखणीत. सुटलेली, वर आलेली, जिवंत.

सोफावाल्यांचा जीव भांड्यात पडला. ती होती, पण दिसत नव्हती. यापुढे ती अशीच असणार होती. कुठेतरी पलीकडे, सुखरूप, यांना न दिसणारी. आता उत्तर द्यायचं होतं. आणि उत्तर दिलं की तालीम झाली, मासेमारी झाली, लग्न झालं, सगळं झालं. ते होडीची कड धरून गप्प तरंगत राहिले.

"बाबा?"

लाटेचा हलका आवाज.

"बाबा! बाबा!"

तो आवाज त्यांनी पूर्वी एकदा ऐकला होता. दवाखान्याच्या लांबलचक बोळात, डॉक्टर बाहेर आले तेव्हा, तिने मुलाचं नाव घेऊन मारलेली हाक. आजवर सोफावाल्यांना वाटत होतं, मागे राहणारे आपण, भोगणार ते आपण. ती हा आवाज घशात घेऊन निघाली होती, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. दूरच्या शहरात रोज सकाळी उठून ती हेच विचारणार होती, आणि इथून कोणी उत्तर दिलं नाही तर ती पुन्हा त्या बोळात जाऊन उभी राहणार होती.

"आहे!" ते ओरडले. घसा फाटला. "आहे गं पोरी! आहे मी! आहे!"

"एकदा पुरे, काका," शिट्टीबाई म्हणाल्या.

पण पलीकडे सून होडीला धरून मोठमोठ्याने रडत होती, आणि त्या रडण्यातून तिला ऐकू जावं म्हणून सोफावाले ओरडतच राहिले.