आधी पिल्लू

“एवढा मोठा पिंजरा कशाला आणलात ताई? पिल्लू एका कोपऱ्यात झोपेल आणि दुसऱ्यात कार्यक्रम उरकेल. मध्ये फळी घाला. वळून बसता येईल एवढीच जागा हवी. झोपायच्या जागी कुत्रं घाण करत नाही.”

माझं ऐकून घरच्या सूनबाई फळी शोधायला आत गेल्या आणि मी खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं. त्यांच्या सासूबाई बसल्या होत्या. अंगावर शाल, बाजूला वॉकर, आणि मान वाकडी करून माणसाला जोखायची तीच जुनी तऱ्हा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. या तर आमच्या शिट्टीबाई.

कपड्यांच्या कारखान्यात आमच्या लाइनीवर या सुपरवायझर होत्या. गळ्यात शिट्टी, आणि त्याच दोरीला एक लाल बिल्ला. सगळ्या लाइनीत बिल्ला एकच. जिला मोरीकडे जायचं असेल तिनं बोलायचं नाही, उजवा हात सरळ वर करायचा, पंजा उघडा ठेवून. बाईंची मर्जी झाली तर बिल्ला मिळायचा, आणि मगच जागेवरून उठायचं. मी पोटुशी असताना एकदा असाच हात वर करून बसले, ती बसूनच राहिले. बाई बघत होत्या. मग स्टुलाखाली धार लागली आणि आजूबाजूच्या मशीन थांबल्या. बाई एवढंच म्हणाल्या, “पुसून घे आणि कामाला लाग.”

पुसलं. विसरले मात्र नाही.

कारखाना बंद पडला तेव्हापासून मी लोकांची पिल्लं वळणाला लावते. हेही काम घेतलं, पण मनात काळंबेरं धरूनच. बाईंनी मला ओळखलेलं दिसत नव्हतं. ओळख ठेवायला त्यांच्या लेखी आम्ही माणसं होतो कुठं?

पिल्लाचं नाव बंड्या. त्याचं वेळापत्रक सरळ होतं. झोपून उठला की बाहेर, खाल्लं की बाहेर, रोज त्याच झाडाखाली. झालं की शाबासकी, थोडं हुंदडणं, परत पिंजरा. कुत्रं वासाच्या मागे जातं. म्हणून एक दिवस मी त्याची सू पुसलेलं ओलं फडकं बाईंच्या खुर्चीखाली फिरवलं. रोज तिथंच कर बाबा, म्हटलं, बघू दे यांना पायाखाली ओल आल्यावर कसं वाटतं. बंड्या गेला, हुंगलं, आणि बाईंच्या पावलावर डोकं टेकून घोरायला लागला. ती त्याची झोपायची जागा झाली. माझाच नियम माझ्या मुळावर आला.

मग एक दुपार अशी आली की मला काही करावंच लागलं नाही. मध्यंतरी घरात पडल्यापासून बाईंना एकटीनं उठायची मनाई होती. सून बाहेर गेली की मीच धरून न्यायचं ठरलेलं. पण त्यासाठी मला विचारावं लागलं असतं, आणि त्यांनी विचारलं नाही. सूनबाई परतल्या तर खुर्चीखाली थारोळं.

“बंड्यानं केलं,” बाई म्हणाल्या.

मी गप्प बसू शकले असते.

“बंड्या केव्हापासून पिंजऱ्यात आहे ताई. कडी मीच लावलीय.”

सूनबाईंनी कपाळाला हात लावला. “आई, निदान खोटं तरी बोलू नका. आता काय तुमच्यासाठीही कुणाला ठेवू?” माझ्यादेखत. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला बरं वाटलं, कशाला लपवू? घरी जाऊन दोन घास जास्तच खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सूनबाई बाहेर गेल्या. मी पिंजऱ्याची कडी काढून पट्टा अडकवत होते. सहज मान वळवली तर बाईंचा हात वर. उजवा, सरळ, पंजा उघडा. तोंडातून शब्द नाही.

म्हणजे ओळखलं होतं. पहिल्या दिवसापासूनच असणार.

“आधी पिल्लू,” मी म्हटलं आणि दार ओढून घेतलं.

बंड्या झाडाखाली आज उगाच रेंगाळला. इकडे हुंग, तिकडे हुंग. मी त्याला घाई केली नाही. वर आणखी कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून आणली.

परत आले तर हात अजून वरच होता. डाव्या हातानं त्यांनी कोपराला टेकू दिला होता.

“शेवटच्या मशीनवरची ना गं तू?” बाई म्हणाल्या.

“हो.”

“तुझं पोट तेव्हा चांगलंच पुढं आलं होतं.”

“म्हणजे दिसत होतं तुम्हाला.”

“दिसत होतं.”

मी पट्टा खुंटीला अडकवला. वॉकर पुढं सरकवला, बगलेत हात घातला, तेव्हा कुठं त्यांनी हात खाली घेतला. आम्ही दोघी सावकाश उठलो. बंड्या पायात घोटाळत होता.

चालायच्या आधी मी मागं वळून खुर्ची पाहिली. कोरडी होती. माझं स्टूल तेव्हा कोरडं राहिलं नव्हतं.