पेटीतला पिवळा बावटा

मी एक पिवळा बावटा बोलतोय. बावटा म्हटलं की तुम्हाला मिरवणूक आठवेल, घोषणा आठवतील. माझं तसलं काही नाही. मी वर दिसलो की लोक धास्तावतात. म्हणून मी पेटीत पडून राहिलेलाच बरा, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

आमचं तळं एक, पण काठ दोन आणि काठांवरची सरकारंही दोन. दोन्हीकडे पाण्यात जाळीचे पिंजरे सोडून मासे वाढवतात. एके वर्षी कुणीतरी माशांचा रोग लपवला आणि बघता बघता तळंभर मेलेले मासे तरंगले. पाण्याला कुंपण कुठून घालणार? मग दोन्ही काठांची माणसं एकत्र बसली, पोटभर भांडली आणि शेवटी करार झाला. ज्याच्याकडे रोग दिसेल त्याने आपल्या काठीवर पिवळा बावटा चढवायचा. तो दिसला की समोरच्या काठानेही आपला बावटा चढवून ओ द्यायची आणि दोन्हीकडचे मासे, पिल्लं, जाळी, काही म्हणता काही हलवायचं नाही.

मी अलीकडच्या काठावर ज्या घरात असतो, तिथल्या लेकीनेच मला शिवलं. भाऊ कापड धरून बसला होता आणि दोघांची थट्टा चालली होती. "दादा, नीट धर ना! शिवण वाकडी आली तर तुझ्या नावावर खपवीन." वाकडी आलीच. पुढे ती लग्न होऊन पलीकडच्या काठावर गेली आणि तिकडे तिनेही पिंजरे टाकले. दादा इथे टाक्यांमध्ये माशांची बोटभर पिल्लं तयार करतो. ती दरवर्षी त्याच्याकडूनच नेते. सकाळी उठली की आधी दुर्बिणीतून आमची काठी बघते आणि मग चहा घेते, असं वहिनी हसून सांगायची.

एकदा रोग तिच्याकडे आला. तिने कुणाला न विचारता तिकडचा बावटा चढवला. व्यापारी पाठ फिरवून गेले, सासरी नको नको ते ऐकावं लागलं. पण आमच्या काठचा एक मासा दगावला नाही. "माझी बहीण म्हणजे सोनं आहे," असं दादा तेव्हा येईल त्याला सांगत होता.

यंदा वहिनी टाकीतली पिल्लं बादलीत घेऊन आली आणि आल्या आल्या तिने माझ्या पेटीची कडी काढली.

"अहो, कल्ले पांढरेफटक पडलेत. बावटा चढवा."

दादाने बादलीत पाहिलं. त्याला कळलं होतं, चेहराच सांगत होता.

"थांब जरा. व्यापाऱ्यांचा माल जाऊ दे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि वन्सं? त्यांची बोट आजच यायची आहे."

"येऊ दे."

"अहो, सख्खी बहीण आहे ती!"

"तिला नाही म्हटलं की सगळ्या तळ्याला कळेल. पिल्लांत थोडंफार मरतंच गं. औषध टाकतो मी."

एवढं बोलून त्याने कडी लावली आणि पेटीवरच बसला. मला हात असते तर मी दोरी धरून स्वतः वर चढलो असतो. थोड्या वेळाने नावाड्याची हाक ऐकू आली. "ताई म्हणाल्या, काठी रिकामी दिसतेय, डोळे झाकून भरून आण!" डबे भरले गेले. वहिनी बाहेर आली नाही.

त्यानंतर फोन वाजला की दादा दचकायचा. मग एके सकाळी तो फोन आलाच. बहिणीचा आवाज मला पेटीतही ऐकू आला.

"दादा, आमच्याकडे रोग आलाय रे. आत्ताच बावटा चढवला. तू तुझ्या टाक्या सांभाळ, इकडचं काही आत येऊ देऊ नकोस. माझं जायचं ते गेलं, तुझं तरी वाचू दे."

दादाने एकदा टाकीकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं झालं, वेळेवर कळवलंस."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. त्याने मान वर केली नाही. मला बाहेर काढलं आणि काठीवर चढवलं.

आता दोन्ही काठांवर कौतुक चाललंय. बहिणीने हाक दिली, भावाने लगेच ओ दिली, करार असावा तर असा! दोन्ही सरकारांचे तपासनीस आले. बावटा आधी तिचा चढला, म्हणून रोग तिचाच ठरला. तिचे पिंजरे ओढून काढले, मासे चुना टाकून पुरले. इथे त्यांनी चहा घेतला आणि गेले. टाकीवरचं झाकण कुणी उचललं नाही.

मी वाऱ्यावर फडफडतोय, पण मला लाज वाटते. खरं सांगण्यासाठी मला शिवलं आणि मी वर चढून खोटं बोलतोय. तुम्ही कुठे असा बावटा पाहिलात तर नुसते समाधानाने घरी जाऊ नका. तो कधी चढला आणि तोवर पेटीवर कोण बसलं होतं, हे विचारा.

उद्या मला उतरवणार आहेत. टाकीत अजून रोज काही पिल्लं पोट वर करून तरंगतात आणि दादा ती गुपचूप काढून टाकतो. बहिणीचा निरोप आलाय. तिला पुन्हा पिंजरे टाकायचे आहेत. पिल्लं मात्र दादाकडूनच घेणार म्हणते, दुसऱ्या कुणावर तिचा विश्वास नाही.